लेकीच्या कपाटातले व्हॅम्पायर

ताई, मी साताऱ्यात शिक्षक आहे. वीसेक वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम करतो. शाळांमधून, जत्रांमधून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतो, भानामती, करणी, अंगात येणं यावर बोलतो. मुलगी अकरावीत आहे, सोळा पूर्ण. सातवी-आठवीत असताना माझ्याबरोबर कार्यक्रमांना यायची, जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवायची. गेलं वर्षभर तिला भलतंच वेड लागलंय. व्हॅम्पायर, लांडगे होणारी माणसं, पंखवाले सैतान आणि त्यांच्या प्रेमात पडणाऱ्या मुली. जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या, शिवाय मोबाईलवर मराठीतही असलंच काहीबाही. रात्री एक-दीड वाजेपर्यंत वाचते. परवा चळवळीतले एक मित्र घरी आले. टीपॉयवर तिचं पुस्तक होतं, मुखपृष्ठावर काळे पंख आणि रक्ताचा थेंब. ते हसून म्हणाले, 'काय सर, दिव्याखाली अंधार?' ते गेल्यावर मी पुस्तक मधूनच उघडलं. जे पान निघालं ते बापानं लेकीच्या पुस्तकात वाचावं असं नव्हतं. सगळी पुस्तकं कपाटात घातली, कुलूप लावलं. ती एवढंच म्हणाली, 'बाबा, पहिल्या पानापासून वाचलं असतंत तर?' तेव्हापासून बोलत नाही. बायको म्हणते, वय आहे, सोडून द्या. ही पोरगी अंधश्रद्ध होईल का? असल्या वाचनाचा मनावर वाईट परिणाम होतो का? बंदी घालावी का?
एक बाप, सातारा

सर, नमस्कार.

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण कुलूप लागलं ते चौथ्याच कारणानं. वर्षभर ही पुस्तकं घरात होती, टीपॉयवर पडत होती, तेव्हा तुम्ही कपाटाकडे गेला नाहीत. मित्र हसले आणि तुम्ही उठलात. चारचौघांत मान खाली जाईल म्हणून पोरीला कोंडणाऱ्या बापांना तुम्ही स्वतः आजवर किती वेळा समजावलं असेल! रागावू नका, पण हे आधी बोलून टाकलेलं बरं. मित्राच्या चेष्टेची वसुली मुलीकडून करायची नसते.

तेव्हा पुस्तकं आजच परत द्या. 'युनिट टेस्ट झाली की देईन', 'आधी मी तपासतो' असली शेपटं जोडू नका. 'चुकलं माझं, तुला विचारायला हवं होतं' एवढं म्हटलंत तरी पुरे. शिक्षकांना हे वाक्य जड जातं, त्यातून वडील शिक्षक असले की फारच. तरी म्हणा.

आता अंधश्रद्धेचं. जी मुलगी भरल्या सभेत जिभेवर जळता कापूर ठेवायची, ओल्या जिभेला लगेच चटका बसत नाही आणि तोंड मिटलं की ज्योत विझते हे जिला ठाऊक होतं, समोरच्या बायका हात जोडायच्या बेतात असताना जी मनातल्या मनात सेकंद मोजत होती, ती आता व्हॅम्पायर खरे मानू लागेल असं तुम्हाला खरंच वाटतं? माझा अंदाज उलटा आहे. आत काय चाललंय हे माहीत असूनही खेळ रंगवता येतो, त्याची मजा घेता येते, हे ती तुमच्याबरोबर फिरूनच शिकली.

माणसं भुताखेतांच्या नादी का लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दुखण्याचं निदान होत नाही, मूल होत नाही, दुभती म्हैस एकाएकी आटते, सोसायटीचं कर्ज फिटत नाही, आणि नेमका त्या वेळी कोणीतरी 'बाहेरचं आहे' म्हणत लिंबू घेऊन दारात येतो. त्याचा धंदा चालतो कारण त्याला उलटं विचारायची सोय नसते. कादंबरीवर लेखिकेचं नाव असतं, मागे किंमत छापलेली असते, आणि शेवट आवडला नाही तर ह्याच पोरी तिला अशी काही सोलून काढतात की बघत राहावं. डॉक्टर दाभोलकर तुमच्याच साताऱ्याचे. २०१३ साली त्यांच्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याची अनुसूची तुम्हाला पाठ असेल. त्यात लुबाडणं आहे, इजा करणं आहे, दहशत बसवणं आहे. गोष्ट सांगणं त्यात कुठेच नाही.

आणि तुमच्या पिढीचं काय? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलेले कितीतरी लोक चळवळीत असतील. लायब्ररीतली शिवण उसवलेली प्रत, रात्री पांघरुणाच्या आत, आणि नंतर परसात जायची हिंमत होत नाही म्हणून भावाला उठवायचं. धारपांची 'लुचाई' तर स्टीफन किंगच्या १९७५ च्या व्हॅम्पायर-कादंबरीवरच बेतलेली. त्या वाचकांतले किती जण पुढे मांत्रिकाकडे गेले ते तुमच्या मित्रांनाच विचारा.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगा, कारण ही गोष्ट कार्यकर्त्यांनाच जास्त आवडेल. अठराव्या शतकात पूर्व युरोपात व्हॅम्पायर खरोखरचे मानले जात. गावात लागोपाठ माणसं मेली की अलीकडे पुरलेल्या एखाद्याची कबर उकरायची. प्रेत फुगलेलं असायचं, ओठांशी रक्तासारखा द्रव, नखं वाढल्यासारखी दिसायची. झालं, हाच रात्री उठतो! मग छातीत खुंटी ठोकायची, मुंडकं तोडायचं, उरलेलं जाळायचं. सर्बियातल्या अशा एका प्रकरणावर ऑस्ट्रियाच्या लष्करी सर्जननं लिहिलेला अहवाल १७३२ मध्ये युरोपभर गाजला. पुढे १७५५ मध्ये तसंच एक प्रकरण उभं राहिलं, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन यांना छाननी करायला सांगितली. त्यांनी निर्वाळा दिला की थंडीमुळे, हवा न लागल्यामुळे प्रेत उशिरा कुजू शकतं, बाकी सगळा अज्ञानाचा कारभार आहे. सम्राज्ञीनं कबरी उकरण्यावर बंदी घातली. म्हणजे तुमचंच काम पावणेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे एक डॉक्टर करून गेला.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतला देखणा, खानदानी व्हॅम्पायर ह्या सगळ्यानंतरचा. १८१९ मध्ये पॉलिडोरीची कथा आली (हाही पेशानं डॉक्टरच), १८७२ मध्ये 'कार्मिला', १८९७ मध्ये 'ड्रॅक्युला'. जोवर लोक त्याला खरा मानत होते तोवर तो गावातल्याच कोणाचं तरी फुगलेलं, घाण मारणारं प्रेत होता. त्याच्या प्रेमात कोण पडणार? भीती ओसरली, तेव्हा तो देखणा झाला. तुमच्या लेकीच्या उशाशी जो आहे तो हा दुसरा, कोणीच खरा न मानलेला. त्याला घरात जागा मिळाली हा तुमच्या चळवळीचा पराभव कसा होईल?

राहता राहिलं परकेपण. अमानुषाशी प्रेम हे खूळ काही गोऱ्यांनी काढलेलं नाही. हिडिंबा राक्षसी, माणसं खाणाऱ्या घरातली. भावानं पांडवांना मारून आणायला पाठवलं आणि ही भीमाला बघून तिथेच विरघळली. त्यावर धर्मराजानं घातलेली अट तर मला फार आवडते. दिवसभर कुठेही फिरा, पण रात्री भीमाला परत आणून सोडायचं! मुलींच्या वसतिगृहाचा नियम, फक्त इथे तो मुलाला लावलाय. उर्वशी-पुरूरव्याची ताटातूट तर थेट ऋग्वेदात आहे.

आता परिणामांबद्दल. इथे मात्र मी तुम्हाला 'काही होत नाही हो' म्हणून वाटेला लावणार नाही. तुम्ही तीन वेगवेगळ्या प्रकारांना एकाच पोत्यात घातलंय. एक, डार्क फँटसी. काळोखं जग, सत्तेसाठी मारामाऱ्या, शाप, युद्धं, आवडती पात्रंही मरतात. दुसरी, पॅरानॉर्मल रोमान्स. तिथे प्रेमकथा हीच मुख्य, नायक किंवा नायिका अमानुष, आणि शेवट गोड होणार हे जवळपास ठरलेलं. तिसरी, डार्क रोमान्स. हिच्यात भूतबीत बहुतेकदा नसतंच. पळवून नेणं, कोंडून ठेवणं, जबरदस्ती, आणि त्यालाच प्रेमाचा मुलामा. हल्ली तिन्हींची सरमिसळ होते आणि मुखपृष्ठांवरून काही कळत नाही. वेलबुट्टी, खंजीर, सोनेरी अक्षरं अशी नाजूक मुखपृष्ठं किशोरांच्या पुस्तकांनाही असतात आणि निव्वळ मोठ्यांसाठीच्या पुस्तकांनाही. दुकानदाराला फरक माहीत असेलच असं नाही. ऑनलाइन मागवलं तर विचारायला कोणी समोरही नसतं.

म्हणून मुलीच्या त्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. 'पहिल्या पानापासून वाचलं असतंत तर?' ह्या प्रकारच्या बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीलाच एक सूचनेचं पान असतं. आत काय काय आहे, हिंसा, आत्महत्या, लैंगिक अत्याचार, कोणत्या वयापासून वाचावं, हे लेखिकाच लिहून टाकते. तुमच्या मुलीनं ते पान वाचून पुस्तक निवडलं असेल, किंवा वाचून सोडून दिलं असेल, किंवा वाचलंच नसेल. तिन्ही शक्य आहेत, आणि ह्यातलं कोणतं हे फक्त तिलाच ठाऊक आहे.

तुम्ही जे पान उघडलंत त्यात शरीराचं काहीतरी होतं. सोळाव्या वर्षी ते कुतूहल नसेल तर काळजी करावी. ह्या मुली दुसरीकडे जाणार कुठे? पोवई नाक्यावर वर्गातल्या मुलाशी दोन मिनिटं बोललं तर पोरगी घरी पोचायच्या आत बातमी पोचते. विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा 'घरी वाचून घ्या' म्हणून पुढे जाणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिलेत (तुम्ही त्यातले नसाल). उरला मोबाईल, आणि मोबाईलवर जे फुकट मिळतं त्याच्यापेक्षा सहाशे पानांची कादंबरी कितीतरी बरी. कादंबरीत निदान मुलीच्या मनात काय चाललंय ते असतं. शृंगाराचं पान दिसलं म्हणून तुम्ही दचकावं असं मला वाटत नाही.

दचकायचं तर नायकाकडे बघून. सुळे, पंख, रक्त हे सगळं बाजूला सारा आणि एवढंच बघा की हा बाबा तिला विचारतो का? ड्रॅक्युलासुद्धा घरातल्या कोणी आत बोलावल्याशिवाय पहिल्यांदा उंबरठा ओलांडू शकत नव्हता. आणि २००५ साली आलेल्या 'ट्वायलाइट'चा सोज्वळ नायक बघा, दिसायला सतरा वर्षांचा, खरं वय शंभरीच्या पुढे. तो मुलीला न विचारता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो, आणि हे तिला पुढे कळतं तेव्हा त्यात प्रेमच दिसावं अशी मांडणी आहे. त्या कादंबरीवर वाचणाऱ्या मुलींनीच भरपूर टीका केली. तेव्हापासून ह्या प्रकारात दोन फाटे दिसतात. काही लेखिका आता नायकाला शंभरदा विचारायला लावतात. काही उलट्या दिशेला गेल्या. तिथे तो तिचा फोन तपासतो, मित्र तोडतो, 'नियतीनं तुला माझ्यासाठीच घडवलंय' म्हणतो, आणि तिनं 'नाही' म्हटलं तरी तिच्या मनात 'हो'च होतं हे लेखिका आपल्याला परस्पर सांगते. हे शेवटचं वाईट.

ह्यावर मुलीशी बोलायचं तर व्याख्यान नको. ती तुमची भाषणं पाठ असलेली मुलगी आहे. एकच विचारा. ह्या नायकाचे पंख काढून घेतले आणि त्याच्या जागी कराडला इंजिनिअरिंगला असलेला एखादा पोरगा ठेवला, जो रोज रात्री आपल्या खिडकीखाली उभा राहतो आणि तुझे मेसेज वाचतो, तर तू काय करशील? ती बहुधा कपाळाला हात लावून म्हणेल, 'बाबा, पोलिसांत देईन. ते पुस्तकात आहे म्हणून चालतं.' असं म्हणाली तर झोपा निवांत. गप्प झाली, किंवा 'त्यात काय, काळजी असते म्हणून करतो' म्हणाली, तर पुस्तकावर घसरू नका. सावकाश चौकशी करा की असं वागणारा कोणी खरोखर तिच्या आयुष्यात आहे का.

ह्या पुस्तकांत तुम्हाला ओळखीचं वाटेल असंही बरंच आहे, ते मात्र कोणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. लांडग्यांच्या कादंबरीत टोळी असते, टोळीचे पंच असतात. आपल्यातल्यानं बाहेर जोडी जमवायची नाही असा दंडक. मोडला की हाकलून देणं, बोलणं बंद, आणि कधी कधी थेट जीव घेणं. नायक-नायिका ह्या पंचांपुढे उभी राहतात. सर, ही जातपंचायत आहे. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, तुमच्या चळवळीनं त्यासाठी किती रान उठवलं. घराण्याचं रक्त शुद्ध राहिलं पाहिजे म्हणणारा म्हातारा व्हॅम्पायर बघितलात की तुम्हाला दोन-चार खरे चेहरे आठवतील. एका साताऱ्यातल्या मुलीला ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी का वाटते याचं अर्धं उत्तर मला तरी इथे दिसतं.

बंदी? सरसकट नको, आणि ती टिकणारही नाही. पण सोळा म्हणजे अठरा नव्हे. ज्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर प्रौढांसाठी म्हणून लिहिलंय, ज्यात कोंडणं आणि बळजबरी हाच शृंगार आहे, ते दोन वर्षं थांबव, असं स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे. कारण सांगून सांगा, आईही तिथे असू द्या. तेवढी पुस्तकं कोणती हे तिलाच काढायला सांगा. माझा अनुभव असा की मुली ही यादी आपल्यापेक्षा कडक करतात.

मोबाईलवरच्या गोष्टींकडे मात्र पुस्तकांपेक्षा जास्त लक्ष हवं. मराठीत त्यांची कमी नाही, काही चांगल्याही आहेत. पण लांडग्यांच्या कथांचे काही ॲप पहिली दहा-पंधरा प्रकरणं फुकट देतात, नेमक्या चढत्या जागी कुलूप घालतात आणि पुढे प्रत्येक प्रकरणाला 'कॉइन' मागतात. अशी दोन-तीनशे प्रकरणं असतात. शेवटपर्यंत गेलं तर छापील पुस्तकाच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि यूपीआयवर ऑटोपे चालू असेल तर कळतही नाही. दुसरं, तिथे निरोपांची पेटी असते. 'तुझी कमेंट आवडली' म्हणून सुरू होणारा अनोळखी माणूस हा त्या ॲपवरचा एकमेव खरा रक्तपिपासू. तिचं वय, कॉलेज, फोटो तिथे नाहीत ना, एवढं तिच्याबरोबर बसून बघा.

झोपेबाबत बायकोचं ऐकू नका, माझं ऐका. दीड वाजता झोपून सकाळच्या कॉलेजला जाणारी मुलगी चिडचिडी होणारच, हातात व्हॅम्पायर असो नाहीतर ज्ञानेश्वरी. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. तुमचाही. ती जेवेनाशी झाली, मैत्रिणी तुटल्या, स्वतःला इजा करू लागली, किंवा कोणी अदृश्य आपल्याशी बोलतंय असं गंभीरपणे म्हणाली, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तुमच्या पत्रात असं काहीच नाही.

आणि एक पुस्तक वाचा. कोणतं ते तिला ठरवू द्या. इंग्रजी जड जात असेल तर तिला सांगा, ती वाचून दाखवेल, नको ती पानं स्वतःच गाळेल आणि तुम्ही ते ओळखलं असं दाखवायचं नाही. मध्ये कंटाळा येईल. मलाही येतो. नायक दर चार पानांनी जबडा आवळतो आणि नायिकेचा श्वास अडकतो. तसं बिनधास्त म्हणा, भांडण होऊ द्या, अबोल्यापेक्षा ते बरं. सुट्टीत दोघं भिलारला जाऊन या. पुस्तकांचं गाव तुमच्याच जिल्ह्यात आहे, २०१७ पासून तिथे घराघरांत एकेका प्रकारची पुस्तकं मांडून ठेवलीत. तिला मराठीतलं गूढ काही सापडतंय का बघा. फक्त एक सांगून ठेवते. ह्या कादंबऱ्यांचा पहिला भाग नेहमी ऐन मोक्याला संपतो. दुसरा लगेच हवा असेल. तो तुम्ही विकत आणा.